पाचची पुडी, अर्ध्या किलोचा डबा

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी मंचरच्या आमच्या गोडाऊनमध्ये दिवाळीच्या मालाची अकरा लाख रुपयांची ऑर्डर ठरली. हजर तिघे होतो. एजन्सीचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणतात ते, मी, आणि तो. ऑर्डर सहा लाखांची असावी असं माझं म्हणणं होतं. अकरा लाख हे त्याचं. ऑर्डर अकराची गेली, त्यावरून आम्हा तिघांत कोणाचं चालायचं हे तुमच्या लक्षात येईल.

त्याचं नाव लिहीत नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ज्याचं किराणा दुकान आहे तो ओळखेलच. बाकीच्यांनी असा एक माणूस आपापल्या कामाच्या ठिकाणी पाहिलेला असतो. काम आपल्याइतकंच करतो, पण साहेब त्याच्याशीच बोलतात.

आम्ही दोघं एजन्सीचे सेल्समन. साबण, चहा पावडर, बिस्किटं, शाम्पू, डोक्याचं तेल, म्हणजे घरात आणलं की आठ-पंधरा दिवसांत संपणारा माल. मंचर, पेठ, घोडेगाव ही आंबेगावची लाइन माझी. नारायणगाव, ओतूर आणि पुढे माळशेजच्या रस्त्याला मढपर्यंत, ही जुन्नरची लाइन त्याची. पगार सारखा. मोटरसायकल सारखी. एकाच कॉलेजातून दोघंही बी.कॉम. झालेलो, आणि मार्क माझे जास्त. हे मुद्दाम सांगतो, कारण तो अडाणी पण हुशार आणि मी शिकलेला पण बावळट, असा प्रकार नव्हता.

दुकानात शिरताना तो आधी दारात टांगलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळेला हात घालायचा. देवळातली घंटा वाजवावी तसा तिला एक झटका द्यायचा आणि विचारायचा, "काय मालक, गावाची तब्येत काय म्हणती?" दुकानदार सांगेपर्यंत त्याला कळलेलं असायचं. माळ गुडघ्यापर्यंत लोंबत असली तर गावात पैसा नाही. दोन-चारच पुड्या उरल्या असतील तर टोमॅटोला भाव लागलाय.

"माणूस खोटं बोलंल," तो म्हणायचा, "बिस्किट न्हाई बोलणार."

त्याची उतरंड ठरलेली होती. नारायणगावात टोमॅटो पडला की आधी क्रीमचं बिस्किट थांबतं. मग शाम्पू. मग डोक्याचं तेल मोठ्या बाटलीवरून छोट्या बाटलीवर येतं. मग कपड्यांचा साबण अर्धा कापून वापरतात. चहा सगळ्यात शेवटी. "चहा घटला की समजायचं, आता घरात भांडणं लागली," असं तो सांगायचा आणि ऐकणारे मांडीवर थाप मारून हसायचे.

हे खरं होतं. खरं होतं हे मलाही माहीत होतं, कारण माझ्या लाइनीवर कांद्या-बटाट्याचं तेच होतं. मंचरला कांदा उतरला की तिसऱ्या आठवड्यात पेठच्या दुकानांतून मोठ्या पॅकची मागणी कमी व्हायची. मी ते तारखेनिशी सांगू शकलो असतो. पण मला कोणी विचारत नसे. पतसंस्थेचे मॅनेजर कर्जवाटपाच्या आधी त्याला चहाला बोलवायचे. खतांचा दुकानदार विचारायचा, यंदा उधारी सोडू का आवळू. निवडणुकीच्या आधी पुढाऱ्यांची माणसं त्याला गाडीत बसवून न्यायची आणि कोणत्या गावात लोक नाराज आहेत ते विचारायची. तो सगळ्यांना सांगायचा. एकदा मी त्याला म्हणालो, "अरे, ते दोन उमेदवार एकमेकांच्या विरोधात आहेत."

"मंग काय झालं? दोघांच्या घरी चहा उकळतोच ना?"

मला तो 'हिशेबराव' म्हणायचा. त्यात वाईट हेतू नव्हता. पण हळूहळू शेठही म्हणायला लागले, मग गोडाऊनचे हमाल. शेवटी आमच्या घरीही ते पोहोचलं. त्याला कारण तोच. रविवारी अधूनमधून तो यायचा. हातात कंपनीच्या नव्या साबणाची वडी. "वहिनी, ह्यो वापरून सांगा, तुमच्या मतावर तालुका चालतोय." पिठलं-भाकरी खाताना असं तोंडभर कौतुक करायचा की बायको अजून एक भाकरी टाकायची. तो गेल्यावर ती म्हणायची, "असं बोलणारं माणूस घरात असलं की बरं वाटतं." मी म्हणायचो, की पिठलं चांगलं झालंय असं मी परवाच म्हणालो होतो. ती म्हणायची, "तुम्ही मीठ बरोबर आहे म्हणाला होतात."

आता ऑर्डरीच्या गोष्टीकडे येतो, कारण त्या ऑर्डरीवर माझं बरंच काही अवलंबून होतं. शेठना दोन तालुके एका गोडाऊनमधून झेपेनात. जुन्नरची बाजू वेगळी काढून तिची पोटएजन्सी ते आमच्यापैकी एकाला देणार होते. "दिवाळी होऊ द्या, मग बघू कोणाला द्यायची," एवढंच बोलले होते. मला ती हवी होती. पन्नाशी जवळ आली होती. दुसऱ्याच्या गोडाऊनचं कुलूप लावून, किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन घरी जायचा मला कंटाळा आला होता. डिपॉझिटची रक्कम मी जमवून ठेवली होती. त्यालाही ती एजन्सी हवी होती, पण तो तसं दाखवत नव्हता. 'मिळाली तर मिळाली' असा त्याचा चेहरा. तो चेहराही मला आवडत नसे.

घटस्थापनेच्या त्या सकाळी तो शेठना म्हणाला, "श्रावणापासून बघा शेठ. ओतूरपासनं मढपर्यंत पाचच्या पुड्या बसल्यात आणि अर्ध्या किलोचे डबे उठल्यात. चहाचं तेच, साबणाचं तेच. लोकांकडं लई पैसा आलाय. मोठा माल मागवा."

मी म्हणालो, "वजन बघा ना. आषाढात जेवढे किलो चहा गेला तेवढाच भाद्रपदात गेलाय. नुसतं पॅकिंग बदललंय."

"अरं हिशेबराव, पाचची पुडी घेणाऱ्याच्या हातात त्या दिवसाची मजुरी असती. डबा घेणाऱ्याच्या हातात म्हयना असतो म्हयना! वजनाचं काय घेऊन बसलास?"

"आमच्या घरीही सध्या डबाच येतो. माझा पगार वाढलेला नाही."

शेठ हसले. "मग का आणता?"

"बिबट्यामुळे," मी म्हणालो.

आमचं घर गावाबाहेर वस्तीवर, उसाच्या कडेला आहे. त्या पावसाळ्यात आमच्या भागात बिबट्याचा वावर फार वाढला होता. पाचची पुडी विकली जाते ती संध्याकाळी. बाया शेतातून येतात, चूल पेटवतात आणि पोराला दुकानात पिटाळतात. जा, चहाची पुडी आण, तेलाची आण. आता दिवस कलल्यावर पोराला कोण बाहेर सोडणार? म्हणून लोक उजेडीच एकदम डबा आणून ठेवत होते, गरज पडली तर उसनवारी करून. आमच्या बायकोने मला तेच सांगितलं होतं, आणि तिने सांगितल्यावर मी वजनं तपासली होती. मी हे सगळं शेठना नीट, क्रमाने सांगितलं.

तो पोट धरून हसायला लागला. "बिबट्या काय आज आलाय व्हय? तुझ्या-माझ्या आधीपास्नं हाय तो हितं. आता दिवाळीची ऑर्डर त्याला इचारून द्यायची का? त्याला इचार, फराळाला काय घेणार!"

शेठही हसले. शेठ हसले की त्यांचा निर्णय झालेला असतो.

माल आला. अर्ध्या किलोचे डबे, साबणाचे सहा-सहाचे पॅक, बिस्किटांचे मोठे पुडे. गोडाऊनमध्ये चालायला वाट राहिली नाही. पहिले आठ दिवस माल बरा गेला आणि तो शिट्टी वाजवत फिरत होता. मग ओतूरच्या बाजूला वनखात्याच्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. पाठोपाठ आणखी एक. लोकांचा जीव भांड्यात पडला. पोरं संध्याकाळी पुन्हा रस्त्यावर दिसायला लागली, हातात पाच-दहाची नोट धरून. दुकानांतून मागणी आली ती पुड्यांची. आणि पुड्या आम्ही मागवल्याच नव्हत्या.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर मी गोडाऊन मोजलं. निम्म्याच्या जवळपास माल तसाच होता, आणि त्यातल्या बिस्किटांना मुदत होती. मी आकडा शेठच्या टेबलावर ठेवला. बोलायची गरजच नव्हती. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला मिशीला पीळ भरावासा वाटत होता, पण मला मिशी नाही.

तो आला, आकडा बघितला, डोक्यावरची टोपी काढून शेठच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चुकलं शेठ. बिबट्यानं फशिवलं."

शेठना असं हसू फुटलं की हमाल बाहेरून बघायला आले.

आठवडाभरात ते वाक्य दोन्ही तालुक्यांत झालं. नारायणगावच्या बसस्टँडवर, ओतूरच्या आठवडे बाजारात, जो भेटेल तो त्याला थांबवून विचारायचा, "काय राव, बिबट्यानं फशिवलं म्हणं?" आणि तो गाडी स्टँडला लावून अथपासून सांगायचा. दर वेळी बिबट्या थोडा मोठा व्हायचा. माझं म्हणणंही तो सांगायचा, अगदी प्रामाणिकपणे. "आमच्या हिशेबरावानं आधीच सांगितलं व्हतं, पर आमी ऐकलं न्हाई." लोक माझ्या नावावर मान हलवायचे आणि त्याला चहा पाजायचे. विचार करून बघा. हीच चूक माझ्या हातून झाली असती तर मला घरी बसवलं असतं. त्याच्या हातून झाली तर त्याची गोष्ट झाली. आणि मी बरोबर होतो, त्याचं काहीच झालं नाही.

पुढचं तर मला जास्तच लागलं. उरलेल्या मालाच्या काही पेट्या त्याने गाडीला बांधल्या आणि लाइनीवर निघाला. शेठनी मला मदतीला म्हणून बाकीचा माल टेंपोत घालून मागे पाठवलं. दुकानापुढे उभा राहून तो सरळ सांगायचा, "मालक, मी चुकलोय. दोन पेट्या घ्या." घ्यायचे. कोणी दोन, कोणी तीन. ज्याचा महिन्याला एक डबा खपत नाही असा दुकानदारही पेटी उतरवून घ्यायचा.

मढला एक मावशी आहेत. नवरा गेल्यावर भाताची दोन खाचरं आणि एक छोटं दुकान त्यांनी चालवलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्यांनी बिस्किटांच्या चार पेट्या घेतल्या. मला राहवलं नाही. तो पलीकडे कोणाशी बोलत होता तेव्हा मी म्हणालो, "मावशी, एवढं खपणार नाही तुमच्याकडं. मुदतीचा माल आहे."

"मला कळत नाय व्हय?" मावशी म्हणाल्या. "चुकलाय ना तो. मग घ्यायला नको?"

"मी सहा लाखांचीच ऑर्डर सांगितली होती," मी म्हणालो. कशाला म्हणालो कोण जाणे. त्यांना काय त्याचं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं चांगलंय भाऊ. तुमी कधी चुकत नाय. तुमाला कोणी काय मदत करायची?"

हे वाक्य मी घाटाच्या त्या रस्त्याने परत येताना टेंपोत बसून मंचरपर्यंत ऐकत आलो.

जानेवारीत पोटएजन्सी त्याला मिळाली. शेठ मला म्हणाले, "तुझं डोकं मला इथं पाहिजे." ज्याला काही द्यायचं नसतं त्याला लोक असं म्हणतात.

त्याच रविवारी तो पेढे घेऊन घरी आला. बायकोच्या हातात पुडा दिला आणि ओसरीवर माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला, "भागीदारीत ये. मी लाइन बघतो, तू माल आन् पैसा बघ. अर्धं-अर्धं. बिबट्या परत आला तर मला कोण सांगणार?"

मी नाही म्हणालो. कारण विचारलं तर म्हणालो, दोन तालुक्यांची ओढाताण जमणार नाही. तो उठला, मला टाळी द्यायला हात पुढे केला, मी दिली. तो गेल्यावर बायको म्हणाली, "अर्धी मिळत होती की."

"अर्धीच," मी म्हणालो.

ती पेढ्यांचा पुडा उघडून देवापुढे ठेवायला गेली. त्यावर आमचं परत कधी बोलणं झालं नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. दर गुरुवारी मढच्या रस्त्याला लोकांनी त्याला हाक मारायची आणि मी मागे टेंपोत बसून पेट्या मोजायच्या, हे मला जन्मभर करता आलं नसतं.

एजन्सी त्याने चांगली चालवली. माझ्या अंदाजापेक्षा चांगली. तोवर कंपन्यांची मोबाइलवरून माल मागवायची सोय आली होती. माझ्या लाइनीवरचे निम्मे दुकानदार त्यावर गेले. त्याच्या लाइनीवर लोक त्याची वाट बघत ऑर्डर धरून ठेवायचे. मोबाइलला गावाची तब्येत सांगता येत नाही म्हणायचे. मला हे कळलं कारण त्याची महिन्याची मागणी आमच्याच गोडाऊनमधून जायची, आणि ती मीच भरायचो.

मग त्याची कंबर गेली. इतकी वर्षं मोटरसायकलवर खड्डे खाल्ले, मणके झिजले. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली. काही महिने त्याने माणूस ठेवून बघितलं, जमलं नाही. मुलगी नाशिकला असते, ती न्यायला आली. पोटएजन्सी शेठनी मला दिली. मागावी लागली नाही. दुसरा कोणी उरला नव्हता.

देण्याघेण्याला आम्ही पुन्हा तिघेच शेठच्या टेबलाशी बसलो. तो पट्टा बांधून खुर्चीत सरळ बसला होता. तसं सरळ बसलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. आता तो एकदम साध्या उंचीचा माणूस वाटत होता. त्याच्या डिपॉझिटचे दोन लाख मी त्याला दिले. चालू धंद्याचे म्हणून वरती काही मागायचा त्याला हक्क होता. त्याने मागितलं नाही. मी आदल्या दिवशीच हिशेब करून चाळीस हजार वेगळ्या पाकिटात आणले होते, ते पुढे ठेवले. मला त्याचं काही अंगावर नको होतं.

शेठ म्हणाले, "अरे, तो मागत नाहीये."

त्याने पाकीट उचललं. "घेतो शेठ. न्हाई घेतलं तर ह्याला झोप यायची न्हाई."

मग त्यातून काही नोटा मोजून माझ्याकडे परत सरकवल्या. "हे बत्तीसशे मढच्या मावशीला दे. त्या दिवाळीच्या तिच्या पेट्या खराब झाल्याल्या. ती काय बोलली न्हाई, पर मी फळीमागं बघितलं व्हतं. दर गुरुवारी द्यायला काढायचो, ती घ्यायची न्हाई. तुझ्याकडनं घील."

"माझ्याकडून का घेईल?"

"हिशेब मिटल्याबिगर तू दारातनं हलणार न्हाईस, हे तिला ठावं हाय."

गुरुवारी मी मढला गेलो. लाइनीवर प्रत्येक दुकानात ऐकू आलं, "आत्ताच फोन येऊन गेला त्याचा." नाशिकला खाटेवर पडून तो माझ्यापुढे एक दुकान चालला होता. कोणाच्या म्हशीचं, कोणाच्या पोराच्या नोकरीचं विचारून मग सांगत होता, आता हिशेबराव येतोय, त्याला नीट माल सांगा.

मावशी दारातच होत्या. मी पैसे पुढे केले. त्यांनी मोजले नाहीत. पदराच्या गाठीला बांधले, चहा टाकला आणि आत बघत म्हणाल्या, "लई दुखतंय का हो त्याला?"

मी सांगितलं, आता बरंय.

"ते तो सांगतोच. तुमी खरं सांगा."

मी खरं सांगितलं. त्या चुलीकडे तोंड करून बसल्या. मग मी त्यांची ऑर्डर घेतली. पाचच्या चहाच्या पुड्या, साबणाच्या छोट्या वड्या, एक माळ शाम्पू. बत्तीसशेची पोहोच करायची राहिली होती, म्हणून पावतीपुस्तक काढलं. मावशी म्हणाल्या, "नाव त्याचं लिवा."

लिहिलं. मढच्या मावशींना रुपये तीन हजार दोनशे रोख, देणारा तो. घेऊन येणाऱ्यासाठी त्या पावतीवर रकाना नाही.